सायलेन्सरमागची पिन

मी तेव्हा फर्दापूरच्या उपकेंद्रात नर्स होते आणि राहायला वर अजिंठ्याला. म्हणजे रोज सकाळी घाट उतरायचा, संध्याकाळी चढायचा. वस्त्यांच्या वाटांवर स्कूटी टिकायची नाही, म्हणून थोरल्या भावाची जुनी मोटरसायकल मी मागून घेतली होती. सुरुवातीला लोक वळून बघायचे, मग त्यांना सवय झाली.

दर दोन महिन्यांनी मागचा ब्रेक खोलून साफ करायचा, हा नियम गावातल्या मिस्तरीचाचांनी घालून दिला होता. "घाटाची गाडी हाय, सिस्टर. ब्रेक ओरडायला लागल्यावर यायचं नसतं," असं ते म्हणायचे. त्या वेळी मात्र कामाच्या गडबडीत मी चार महिने घालवले. पायडल पार खालपर्यंत जायला लागलं, तेव्हा एका रविवारी गाडी घेऊन गेले.

चाचा काळा चष्मा लावून दुकानाच्या दारात खुर्चीवर बसलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते.

"महिनाभर वाकायचं नाय म्हनले डॉक्टर. सिल्लोडला जा तुमी."

दुसऱ्या दिवशी घाटाखालच्या वस्तीवर लसीकरण होतं. बायका कामाला न जाता लेकरं घेऊन थांबणार होत्या. आणि असल्या ब्रेकवर सिल्लोडपर्यंत जायचीही माझी छाती नव्हती.

"चाचा, तुम्ही सांगा. मी खोलते."

"हात काळे व्हतील."

"धुता येतात की."

ते हसले आणि पान्यांचा डबा पायानंच माझ्याकडं सरकवला.

गाडी मधल्या स्टँडवर घेतली. ब्रेकच्या सळईचा नट सहज निघाला. पुढं अडलं. ब्रेकची थाळी फिरू नये म्हणून तिला एक पट्टी बोल्टनं जखडलेली असते. त्या बोल्टच्या नटात बारीक पिन असते, आणि ती नेमकी सायलेन्सरच्या मागं. नजर पोचत नव्हती, पक्कडही जात नव्हती. मी दोन बोटं आत घातली आणि सोलून घेतली.

"दिसणार नाय ती," चाचा म्हणाले. "बोटानं बघा."

लहान लेकराची शीर मी अशीच शोधायची, दाबून, चाचपून. पिनेची दोन्ही टोकं लागली. पण वाकवायला जागाच नव्हती.

"सायलेन्सर खाली घ्या. मागचा बोल्ट काढा."

तो बोल्ट गंजून एकजीव झालेला. रॉकेल सोडलं, थांबले, पाना लावला, काही नाही. पुन्हा रॉकेल. चाचांना राहवेना, ते उठून वाकायला लागले तशी आतून चाची ओरडली, "अजी, झुको नक्को! डॉक्टर क्या बोले?" चाचा परत खुर्चीवर टेकले. मी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप अडकवला आणि पाय देऊन चक्क त्यावर उभी राहिले. कट्ट आवाज झाला. मला वाटलं, बोल्ट तुटला. तो फिरला होता.

सायलेन्सर चार बोटं खाली आला. पर्समध्ये दवाखान्यातून बाद झालेला एक चिमटा होता. त्यानं पिन सरळ केली, ओढली. ती हातात आली तेव्हा मी इतकी मोठ्यानं "निघाली!" म्हणाले की चाची बघायला बाहेर आली.

चाक काढलं, थाळी उचलली. ब्रेक दाबल्यावर चाकाला आतून घासणाऱ्या लायनर झिजून कागदासारख्या झालेल्या. मी फुंकर मारणार तोच चाचा म्हणाले, "फुकू नका, ती धूळ छातीत बसते. वल्ल्या फडक्यानं पुसा." पुसलं. नव्या लायनर बसवल्या, त्यांना फाकवणाऱ्या दांड्याला नखभर ग्रीस लावलं. चाक चढवून नट आवळला, तर चाक फिरेना.

"खाली काय पडलंय?" चाचांनी विचारलं.

चाकाच्या बाजूला बसणारं लोखंडी बुश रॉकेलच्या ताटलीशेजारी पडलेलं. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. चाची म्हणाली, आधी चहा घ्या. मी म्हटलं, चाक बसल्यावर. सगळं परत खोललं, बुश घातलं, परत आवळलं. जुनी पिन लावू लागले तर चाचा कडक आवाजात म्हणाले, "नवी टाका. एकदा वाकवलेली पिन घाटात दगा देती." नवी घातली, तीही न बघता, बोटांनी. मग चहा घेतला. तो निवून गेला होता.

संध्याकाळी गावातल्या सपाट रस्त्यावर दहा वेळा ब्रेक दाबून पाहिला. सकाळी घाट उतरताना दुसऱ्या वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला. पायडल दाबलं, गाडी जागच्या जागी थांबली. शेळ्या निवांत गेल्या. लसी वेळेवर दिल्या. एका आजीनं माझी नखं बघून विचारलं, "सिस्टर, हे काय गं?" मी साबण मागितला आणि पुन्हा एकदा हात धुतले.

पुढच्या खेपेला चाचांचे डोळे छान झाले होते. मी गाडी लावली, तर ते खुर्चीवरून हललेच नाहीत.

"आता वाकता येतंय ना, चाचा?"

"येतंय की. पन ही गाडी तुमची हाय, तुमीच खोला."

मीही बाह्या सारल्या. बदली होऊन वैजापूरला जाईपर्यंत तो ब्रेक दर दोन महिन्यांनी मीच खोलत राहिले, एकदाही न चुकवता.