साहेबांच्या लाईनीतली खरखर

"परत कट झाला!" चेअरमनसाहेब ओरडले आणि त्यांनी रिसिव्हर देसाई सरांच्या अंगावर उगारला. "सकाळपासनं तिसऱ्यांदा. देसाई, ह्यो फोन हाय का खुळखुळा?"

देसाई सर हसले. कस्टमर ओरडला की ते आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघितलं.

ही दोन हजार चारच्या सुमाराची गोष्ट. देसाई सरांच्या कंपनीत मी ट्रेनी होते. कंपनी म्हणजे राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, चार माणसं आणि बोर्डावर 'सोल्यूशन्स' हा शब्द. आम्ही ऑफिसांना इंटरनेट टेलिफोनी बसवून द्यायचो. आवाजाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा एका पाकिटात घालायचा, पाकिटं कॉम्प्युटरच्या लाईनीवरून पाठवायची आणि पलीकडे ती फोडून आवाज पुन्हा जोडायचा. हे सगळं इतक्या झटपट, की बोलणाऱ्याला पत्ता लागू नये. एवढंच काम. बाकी सगळं कस्टमर.

हा कस्टमर म्हणजे एक पतसंस्था. हेड ऑफिस कोल्हापुरात, शाखा कोडोली, बिद्री आणि चंदगड. कॉम्प्युटर जोडायला त्यांनी लीज्ड लाईन, म्हणजे भाड्याची स्वतंत्र तार, घेतलेली होतीच. त्याच तारेतून फोनही न्यायचा, म्हणजे एसटीडी बंद. साहेबांनी खुर्चीतून उठायचं नाही, तीन आकडे दाबायचे आणि थेट चंदगडच्या मॅनेजरला झापायचं. देसाई सरांनी योजना अशीच विकली होती. झापायचं हा शब्द प्रपोजलमध्ये नव्हता. 'इफेक्टिव्ह मॉनिटरिंग' असं होतं.

बसवण्याचं काम माझं. मी खोकी मांडीवर घेऊन एसटीनं चंदगडला गेले, उलट्या आवरल्या आणि राऊटर लावला. परत येऊन हेड ऑफिसमधून टेस्टिंग केलं. चंदगडचे मॅनेजर गावडे माझ्याशी फोनवर अर्धा तास काजू आणि पावसावर बोलले. त्यांचा आवाज टेबलापलीकडून यावा इतका स्वच्छ येत होता. फक्त मी बोलले की ते मधूनच विचारायचे, "हॅलो? मॅडम, हाईसा न्हवं?" मी वहीत लिहिलं : व्हॉइस क्वालिटी एक्सलंट, मॅनेजरना थोडं कमी ऐकू येतं.

हे वाक्य लक्षात ठेवा. मला नंतर त्याची लाज वाटली.

सगळं चालू झाल्याचं पत्र साहेबांनी सही करून द्यायचं होतं. ते आलं की मी ट्रेनीची कायम होणार. देसाई सर म्हणाले होते, "तुझं लेटर त्यांच्या लेटरला जोडलेलं आहे. अटॅचमेंट समज." दोन महिने झाले, पत्र आलं नव्हतं. कारण साहेबांचा चंदगडचा कॉल कट व्हायचा.

फक्त साहेबांचा, आणि फक्त चंदगडचा. कोडोलीचा कॉल कधी कटला नाही. कोडोलीचा मॅनेजर साहेबांचा मेहुणा. बिद्रीचा कॉलही नीट चालायचा. तिथला मॅनेजर एका संचालकांचा भाचा. गावडे कुणाचेच कुणी नव्हते. ते परीक्षा देऊन लागले होते.

आम्ही पद्धतशीर शोध सुरू केला. पद्धतशीर म्हणजे जे दिसेल ते बदलायचं. साहेबांचा फोन बदलला. वायर बदलली. यूपीएस बदलला. एका संचालकांनी फोनचं तोंड दक्षिणेला आहे हे लक्षात आणून दिलं, म्हणून टेबल फिरवलं. त्या आठवड्यात मेहुण्यांचे कॉल जास्तच स्वच्छ येऊ लागले असं साहेबांचं म्हणणं पडलं. चंदगड होतं तिथंच राहिलं.

शेवटी मी राऊटरवरचं कॉल रेकॉर्ड काढलं. प्रत्येक कॉल कधी लागला, कधी संपला आणि कोणत्या बाजूनं संपवला, हे त्यात असतं. लाईन तुटली तर तसं लिहून येतं. चंदगडचा एकही कॉल तुटलेला नव्हता. सगळे 'नॉर्मल' संपले होते. सगळे हेड ऑफिसच्या बाजूनं. एक्स्टेंशन शंभर.

एक्स्टेंशन शंभर म्हणजे साहेब.

मी प्रिंट देसाई सरांपुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, उलटी करून मागचं कोरं पान बघितलं आणि पुन्हा वाचली.

"हे कुणाला दाखवलंस?"

"नाही कुणाला."

"मग दाखवूही नकोस. चेअरमन स्वतःच फोन आपटतात, असं लिहायचं रिपोर्टात? संस्थेची निवडणूक तोंडावर आहे, बाळ."

"पण मग कारण काय लिहायचं?"

त्यांच्याकडे कारण तयार होतं. त्यांनी डिक्टेट केलं, मी टाईप केलं. 'चंदगड शाखेतील उपकरण शाखेकडून वारंवार बंद केले जात असल्याचे निदर्शनास आले.' खाली माझं नाव. साईट इंजिनिअर म्हणून मीच गेले होते ना.

"सर, ते बंद करत नाहीत."

"तू काही म्हणालीस?"

मी म्हणाले होते. माझा आवाजच तसा आहे. शाळेत बाई माझी हजेरी दोनदा घ्यायच्या. इंग्लिश मीडियममध्ये लाजाळूपणाला 'वेल बिहेव्ड' म्हणत, त्यामुळे तो कधी गेला नाही.

"उद्या अकराला मीटिंग आहे," सर म्हणाले. "सही करून आण. मेमो गावडेला जाईल, पत्र आपल्याला मिळेल, तुझं लेटर मी टाईप करूनच ठेवतो."

सही न करता मी सकाळी दहालाच हेड ऑफिसला गेले. तिथल्या जुन्या टेलिफोन ऑपरेटर शिंदेबाई. आमचं मशीन बसल्यापासून त्यांना काम नव्हतं. त्यांना आवक-जावक रजिस्टर दिलं होतं आणि त्याचा राग त्या आमच्यावर न काढता चहा पाजायच्या.

"बाई, आधीच्या फोनवर चंदगडचा कॉल कट व्हायचा का?"

"कट? छे. ऐकू मात्र काय यायचं न्हाई. नुसती खरखर. पण खरखर हाय म्हंजे लाईन हाय. साहेब आपलं बोलत ऱ्हायचे."

"आणि गावडे?"

"ते कशाला बोलतील? साहेब बोलताना कोण बोलतंय? उभं ऱ्हाऊन ऐकायचं."

"फोनवर उभं राहतात?"

"तर! गावडे हात तोंडावर धरून 'जी' म्हणतात. मी सोताच बघितलंय, मीटिंगला आले की साहेबांसमोर तसंच. फोनवर काय येगळं करतील?"

मला चहा कडू लागला. साखर होती त्यात भरपूर.

आमच्या मशीनमध्ये एक सेटिंग असतं. माणूस गप्प असेल तेव्हा पाकिटं पाठवायचीच नाहीत. बोलण्यात कायम एक जण गप्प असतो, तेवढी लाईन वाचते. बेंगलोरच्या ट्रेनिंगमध्ये ते शिकवलं होतं. आमची लाईन बारीक, म्हणून मी ते आवर्जून ऑन केलं होतं आणि रिपोर्टात ठळक अक्षरात लिहिलं होतं. आता गप्प कोण, हे मशीन आवाजाच्या पातळीवरून ठरवतं. एका पातळीच्या खालचा आवाज म्हणजे शांतता. तोंडावर हात धरून, अदबीनं म्हटलेला 'जी' त्या पातळीच्या खाली होता. गावडे दर वाक्याला हजर होते. मशीन त्यांना गैरहजर लावत होतं.

मशीन शांततेत पाकीट पाठवत नाही, म्हणजे पलीकडे काहीच ऐकू येत नाही. मेलेला फोन जसा असतो, तसं. हे माहीत असल्यामुळे अशा वेळी फोननं स्वतःच थोडी खोटी खरखर वाजवायची अशी सोय असते. तिला 'कम्फर्ट नॉइज' म्हणतात. ती मी बंद ठेवली होती. स्वच्छ आवाज विकायचा होता ना.

आणि गावड्यांना कमी ऐकू येत नव्हतं. माझाही आवाज त्या पातळीच्या खाली जात होता.

अकराला केबिन भरली. साहेब, दोन संचालक, देसाई सर. मी दाराजवळच्या खुर्चीवर. साहेबांपुढे गावड्यांचा मेमो टाईप होऊन आला होता. सही राहिली होती. त्याला आमचा रिपोर्ट जोडायचा होता.

"आणा रिपोर्ट," साहेब म्हणाले. "गावडे मला टाळतोय व्हय? मशीन बंद करतोय? त्याला गगनबावड्याच्या पलीकडं धाडतो."

एक संचालक म्हणाले, "पलीकडं आपली शाखा न्हाई साहेब."

"मग काढू की शाखा!"

देसाई सरांनी हात पुढे केला. मी रिपोर्ट दिला. त्यांनी खाली बघितलं. सही नव्हती.

"फोन ते बंद करत नाहीत," मी म्हणाले.

"काय म्हणाली ही?" साहेबांनी सरांना विचारलं.

"काही नाही साहेब, सही राहिलीय, लगेच..."

"फोन तुम्ही ठेवता," मी म्हणाले. या वेळी इतक्या मोठ्यानं, की बाहेर शिंदेबाईंचं शिक्के मारणं थांबलं.

केबिनमध्ये अशी शांतता झाली, की एकही पाकीट हललं नसतं.

"मी?" साहेब म्हणाले.

"तुम्ही बोलता. थांबता. पलीकडून काही ऐकू येत नाही. तुम्हाला वाटतं कट झाला, मग तुम्ही ठेवता. गावडे तिथेच असतात. 'जी' म्हणतात. चूक माझ्या सेटिंगची आहे."

शेवटचं वाक्य सरांना आवडलं. ते लगेच म्हणाले, "बघा साहेब, प्रामाणिक मुलगी आहे. चूक कबूल करते."

"दोन मिनिटं द्या," मी म्हणाले आणि लॅपटॉप उघडला. कुणी दिली नव्हती, मी घेतली. साहेबांच्या राऊटरवर दोन ओळी, चंदगडच्या राऊटरवर दोन ओळी. गप्प माणसाचीही पाकिटं पाठव. वर थोडी खरखर सोड. मग चंदगड लावलं आणि रिसिव्हर साहेबांना दिला.

"काही बोलू नका. नुसतं ऐका."

चेअरमनना बोलू नका असं त्या केबिनमध्ये याआधी कुणी सांगितलं नसावं. त्यांनी कुतूहलानं ऐकलं असेल. चेहरा हळूहळू सैल झाला.

"खरखरतंय," ते म्हणाले. "हां. हाय कोणतरी." मग आवाज चढवून, "गावडे!"

"जी," आला. लांबून, पण आला.

"हाईस व्हय तिथं?"

"जी साहेब. मी रोजच हाय की."

एक संचालक हसला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, तो थांबला.

"मग बोलत का न्हाईस?"

"आपण बोलत असताना मी कसं बोलू, साहेब?"

ही अठरा वर्षं त्यांनीच लावलेली शिस्त होती. त्यांनी मेमो उचलला, दुमडला आणि टेबलाचा डुगडुगता पाय त्यावर टेकवला. दक्षिणेकडून फिरवल्यापासून ते टेबल डुगडुगत होतं.

"देसाई," ते म्हणाले, "ही खरखर जरा वाढवता येईल का? आधीच्या फोनची जास्त हुती."

"का नाही साहेब!" सर म्हणाले. "ते आमचं स्पेशल फीचर आहे."

पत्र आलं. 'लाईनीत आवश्यक ती खरखर समाविष्ट केल्याबद्दल' असं त्यात खरोखर लिहिलं होतं. सरांनी ते फ्रेम करून रिसेप्शनला लावलं. रिसेप्शनला मीच बसायचे. माझं लेटरही मिळालं. कायम केलं होतं. शेवटी एक शेरा होता : 'कम्युनिकेशन स्किल्स सुधारावीत. कस्टमरसमोर अनावश्यक बोलू नये.' दोन्ही एकाच ओळीत.

त्यानंतर मी पुष्कळ ठिकाणी फोन बसवले. एक सवय लागली. टेस्टिंगला मी मॅनेजरला किंवा मालकाला बोलावत नाही. ज्याचं ऑफिसात कुणी ऐकत नाही अशा माणसाला शोधते आणि त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलायला लावते. मोठ्यानं बोलणाऱ्याचा आवाज कुठल्याही भिकार सेटिंगमधून जातोच.

निवडणूक साहेबांनी जिंकली. महिन्याभरानं सर्व्हिस व्हिजिटला गेले, तेव्हा कॉल रेकॉर्ड पुन्हा काढलं. चंदगडचे कॉल तसेच, अर्ध्यात संपलेले, एक्स्टेंशन शंभरकडून. मी घाबरून गावड्यांना फोन लावला.

"लाईन झकास हाय मॅडम," ते म्हणाले. "आता साहेब चिडून ठेवतात."