दोन तासांची संत्री

नोकरीत जबाब शेकड्यांनी लिहिले, पण अर्ध्यावर फाडून टाकलेला एकच. तो दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी वर्ध्याच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो आणि स्वभाव तोवर पुरता कडू झाला होता. थंडीचे दिवस. नालवाडीच्या पुढे एका फळ व्यापाऱ्याच्या गोदामातून संत्र्यांचे क्रेट तिसऱ्यांदा चोरीला गेले. कुलूप दरवेळी शाबूत. म्हणजे चोर आतला, हे नवा शिपाईसुद्धा सांगेल. पण व्यापारी रोज सकाळी माझ्यासमोर बसून माझाच चहा प्यायचा आणि पोलिसांना काही येत नाही हे मला समजावून सांगायचा. मला लवकरात लवकर कोणीतरी पकडायचं होतं, आणि ती माझी पहिली चूक.

खबर गोदामासमोरच्या चहावाल्याने दिली. "साहेब, बाजूच्या भाजीवाल्याकडे त्याची भाची येऊन राह्यली हाये. पहाटं मी चुली पेटवाले येतो, तं ते धुऱ्यावर उभी. रोज. काऊन उभी राह्यते, कोणाले माहीत."

धुरा म्हणजे भाजीवाल्याच्या घरामागचा, गोदामाला लागून असलेला बांध. मुलगी सतरा वर्षांची. अल्पवयीन, त्यामुळे ठाण्यात बोलावली नाही. मी साध्या कपड्यांत, सोबत महिला शिपाई आणि लिहायला एक जुने हवालदार, असे आम्ही तिच्या घरी गेलो. मामा वांगी आणि सांभाराच्या जुड्या घेऊन बाजारात गेला होता. मामी होती. तिने आम्हाला पाहिलं आणि हातातलं सूप तसंच खाली ठेवलं.

मुलगी ताठ उभी होती. बस म्हटलं तरी बसेना.

"साहेब, तिले काई नका विचारू," मामी म्हणाली. "विचाराचं ते मले विचारा."

"तुम्ही मध्ये बोलू नका," मी खेकसलो. मग मुलीकडे वळलो. "पहाटे धुऱ्यावर काय करत होतीस?"

"संत्री केली."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी सहज कबुली आम्हाला कधी मिळाली नव्हती. 'संत्री चोरल्याचे कबूल करते,' त्यांनी लिहूनही टाकलं.

"किती केली?" मी विचारलं.

"दोन तास."

हवालदार वैतागले. "अवं पोरी, क्रेट किती ते सांग. संत्री का तासानं मोजतेत?"

ती गोंधळली. हळूच म्हणाली, "दोन तास झाले का दुसऱ्याची पाळी लागते. इथं दुसरं कोणी नाई. म्हणून मंग मीच."

माझी तीन वर्षं गडचिरोलीत गेली होती. तिकडे जंगलातल्या नक्षल दलमात पहाऱ्याला संत्री म्हणतात, सेन्ट्रीवरून. आत्मसमर्पण केलेल्यांच्या तोंडून तो शब्द मी कितीदा ऐकला होता. मी हवालदारांच्या हातातला कागद घेतला, फाडला आणि त्यांना बाहेर पाठवलं.

मी गडचिरोलीत काम केल्याचं म्हटलं, तेव्हा मामीने सगळं सांगितलं. नणंदेची मुलगी. अकराव्या वर्षी दलमवाल्यांनी गावातून नेली. आधी पाणी आणायला, भांडी वाहायला, मग हातात बंदूक. मलेरियाने फणफणली तेव्हा ते तिला मागे सोडून गेले. पुढे ती पोलिसांसमोर हजर झाली. तोवर आई गेली होती. बाल कल्याण समितीने तिला मामाच्या ताब्यात दिलं. गल्लीत सांगितलं होतं की आश्रमशाळेत होती.

"हे लोकाईले माहीत पडलं तं इथं कोणी राहू नाई देणार," मामी म्हणाली. "आन गुन्हा लागला तं समिती तिले संस्थेत नेईन. साहेब, आमच्याशिवाय तिले कोणी नाई."

मी मुलीला विचारलं, "पहारा कशावर देतेस?"

"मामाच्या घरावर."

मामीने पदर तोंडाला लावला. मी पोलिसाला सुचतं तेच विचारलं. "मग तिथे कोणी आलं होतं?"

"मंगळवारी. एक छोटा हत्ती टेम्पो, मागचा लाइट एकच. दोन माणसं. गोदामाचं कुलूप चौकीदारानं चावीनं उघडलं. घराकडे नाई आले, म्हणून मामाले उठवलं नाई."

इतका चोख रिपोर्ट माझ्या एकाही शिपायाने कधी दिला नाही. पुढच्या आठवड्यात चौकीदार आणि टेम्पोवाला माल भरतानाच सापडले. कागदोपत्री आम्ही 'गुप्त बातमीदाराकडून' एवढंच लिहिलं. तो बातमीदार आपणच, असं समजून चहावाला कित्येक दिवस छाती काढून फिरत होता. मी त्याला फिरू दिलं.

त्यांना पकडल्यावर चार दिवसांनी मामा ठाण्यात आला. खुर्चीच्या कडेला टेकून म्हणाला, "डॉक्टर म्हणते, हळूहळू सुटन. समजावलं, रागावलो. दाराले कडी लावली तं खिडकीत उभी राह्यली. तुमाले तिकडचं माहीत हाये म्हणून विचारतो. पहाऱ्यावरच्या माणसाले सुट्टी कशी देतेत?"

मी म्हटलं, "सुट्टी कोणी देत नाही. दुसरा माणूस येऊन जागा घेतो, तेव्हाच पहिला हलतो."

तो मान हलवून गेला. दुसऱ्या पहाटे ब्लँकेट पांघरून धुऱ्यावर गेला आणि म्हणाला, "आता माही पाळी. तू जाय." ती आत गेली आणि झोपली. त्याला बाजाराला लवकर निघायचं असलं, की मामी जाऊन बसायची.

समर्पणाचे कार्यक्रम मी पुष्कळ पाहिले. हार, शिलाई मशीन, फोटो. ते हवंच, मी नाही म्हणत नाही. पण बंदूक खाली ठेवलेल्या लेकराची पाळी घेणारं माणूस लागतं, हे माझ्यासारख्या जुन्या पोलिसाला एका भाजीवाल्याने शिकवलं.

उन्हाळ्यात एकदा पहाटे त्या बाजूने जात होतो. मामा धुऱ्यावर बसलेला दिसला. मी गाडी थांबवली.

"अजून उठते का ती?"

"नाई साहेब. दोन महिने झाले. सहा वाजेपर्यंत झोपून राह्यते."

"मग तुम्ही काऊन बसले?"

तो हसला. "एखाद्या दिवशी तिची झोप मोडली, खिडकीतून पाह्यलं, आन इथं कोणी नसलं तं?"