गुनवोरची धक्क्यावरची जागा

गुनवोरची थट्टा करायची छाती आमच्या बंदरात सगळ्यांची होती, पण तिला "आता पुरे" म्हणायची एकाचीही नव्हती. शेवटी ते म्हटलं तिच्या भाच्याने, त्रिग्वेने.

"आत्या, खुब्याचं हाड मोडून घेतलंस. सत्तरी उलटली. होडी तिकडेच विकून टाकू. धक्क्यावरची जागा मी सांभाळतो."

"सांभाळतोस की गिळतोस?"

'तिकडे' म्हणजे दूर दक्षिणेच्या बंदरात. मागच्या शरदात ती तिथल्या धक्क्याच्या निसरड्या शिडीवरून पडली, आणि तिची होडी 'तेर्ना' हिवाळाभर तिथेच राहिली. जागेचा आमचा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची बिशाद नाही. संक्त हान्सच्या, म्हणजे ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या, संध्याकाळी किनाऱ्यावरचा मोठा जाळ पेटेल तेव्हा ज्याची होडी जागेवर, ती जागा वर्षभर त्याची. आणि होडी स्वतःच्या बळावर आलेली हवी. दुसऱ्याने दोर बांधून ओढून आणलेली चालत नाही.

ती जागा गुनवोरच्या बापाची. बापामागे ती भावाला जायची होती, पण भावाला बोटीवर उलट्या व्हायच्या. तेव्हा पोरसवदा गुनवोरच मासे भरून होडी आत आणू लागली. धक्क्यावरचे बाप्ये म्हणाले, बाईमाणूस किती दिवस टिकतंय बघू. त्यातले बरेचसे आता कबरस्तानात आहेत. गुनवोर अजून बघतेच आहे.

तर बाई काठी टेकत बसने दक्षिणेला गेली, होडी पाण्यात उतरवली आणि एकटीच निघाली.

पहिल्या बंदरात तिने एका मासेमारी बोटीला होडी लावली. वरून कोळी ओरडला, "तूच गुनवोर ना? तुझ्या भाच्याचा फोन होता. तुला थांबवा म्हणतोय!"

"मग थांबव की!"

कोळी हसला, आणि त्याने दोराला बांधून कॉफीची किटली खाली सोडली. शिडी चढायची नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं आणि डॉक्टरचं तेवढं एकच तिने मानलं. भरतीला होडी धक्क्याच्या उंचीला आली तर उतरायची, नाहीतर होडीतच पडून राहायची. पुढच्या बंदरात पावसाने अडवून ठेवलं. त्याच्या पुढच्यात इंजिनाने जीव सोडला. तिने त्याला चार शिव्या हासडल्या आणि शीड चढवलं.

संक्त हान्सच्या दुपारी वारा पडला. घरचे डोंगर समोर, आणि होडी ढिम्म हलेना. तेवढ्यात त्रिग्वे आपली नवीकोरी मोटरबोट घेऊन आला.

"आत्या, दोर धर. पोचवतो."

"ओढून नेलंस तर जागा कुणाची?"

त्रिग्वे हातातला दोर उगाच गुंडाळू लागला.

"बोल ना! तोंड शिवलंय का?"

"तुझ्या भल्यासाठीच म्हणतोय गं."

"माझं भलं माझ्या होडीत बसलंय. जा घरी!"

तो गेला. गुनवोरचा खुबा रडवेल असा ठणकत होता. पण रडायला हात मोकळे लागतात. तिने वल्ही काढली. शिव्या देत, थांबत, पुन्हा वल्हवत ती निघाली. संध्याकाळी वाऱ्याला तिची दया आली की भीती वाटली कोण जाणे, शीड फुगलं.

जाळापाशी सगळं गाव जमलं होतं. पेटवायचा मान म्हाताऱ्या हार्टविगचा. गुनवोरच्या जागेत त्रिग्वेची मोटरबोट, आणि तिच्यावर पाहुण्यांसाठी सॉसेज भाजणं चाललेलं. तेर्ना सरळ तिच्यावर चालून आली.

"आत्या, थांब! थांब!"

"शिडाच्या होडीला ब्रेक नसतो रे! काढ तुझा डबा!"

पाहुणे सॉसेजसकट पळाले. त्रिग्वेने कसाबसा दोर सोडला आणि बोट बाहेर काढली. गुनवोरने शीड पाडलं आणि तेर्ना आपल्या जागेत सरकून उभी राहिली.

हार्टविग मशाल घेऊन काठावर आला. "कुणी ओढून आणलं नाही ना?"

"माझ्या होडीवर दुसऱ्याचा दोर दिसतोय का तुला?"

हार्टविगने मान डोलावली आणि जाऊन जाळ पेटवला. लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. पण पूर्ण ओहोटी होती. होडी खोल खाली, धक्का वर, आणि मध्ये शिडी. आपली बोट पलीकडे लावून आलेल्या त्रिग्वेने वाकून हात पुढे केला.

"ये, वर घेतो तुला."

"नको. शिडीने एकदा पाडलंय मला. पाणी चढलं की येईन."

"अगं, जाळ विझेल तोवर!"

"विझू दे. जाळ बघायला नाही आले मी."

लोकांनी तिला सॉसेज आणि ब्रेड खाली सोडला. मग हळूहळू एकेक जण घरी गेला. उत्तरेच्या उन्हाळ्यातला सूर्य बुडायचं नाव घेत नव्हता. त्रिग्वे मात्र धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसून राहिला, आणि पाणी चढत चढत होडी त्याच्या तळव्यांना टेकली.

गुनवोर उठली. तिने काठी धक्क्यावर टेकवली.

"सरक," ती म्हणाली. "माझ्या जागेत बसलायस."

तो सरकला. तिने एक पाऊल टाकलं आणि वर आली.