क्लच कोणी दाबला?

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेडला शिकवण्यात माझी सारी नोकरी गेली. पोरांना मी एकच सांगत आलो — इंजिनात भूत नसतं, ढिला नट असतो, तो शोधा. घर आमचं बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची... आजोबांच्या काळापासून या गोष्टींना उंबऱ्याच्या आत जागा नाही. त्यामुळे इथे कोणाचा असा अनुभव वाचला की मी तो मनातल्या मनात खोलून बघतो, नक्की कुठे काय चुकलं असेल ते. आता माझाच लिहितोय. तुम्हीही खोलून बघा. मला नट सापडलेला नाही.

आधी गाडीविषयी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिटायर झाल्यावर मी टूरिंगची मोटरसायकल घेतली. बायको, सुनंदा, म्हणाली, "या वयात? लोक काय म्हणतील जी?" पण पहिल्याच फेरीत मागच्या सीटवर अशी ऐसपैस बसली की बल्लारपूर येईपर्यंत काही बोललीच नाही. मग विचारते, "पुढच्या रविवारी कुठी जायचं?"

गाडीला सहा गिअर आणि क्रूझ कंट्रोल. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी — बटण दाबलं की गाडी तो स्पीड धरून ठेवते, मूठ पिळत बसावं लागत नाही. लांबच्या रस्त्यावर मनगटाला फार आराम. पण ती स्पीडच तेवढा सांभाळते. वळण तिला कळत नाही. ब्रेक किंवा क्लच दाबलात की क्रूझ सुटतं, नाही दाबलात तर ती आपली जातच राहते. गिअरही आपोआप बदलत नाही. त्याला डाव्या हाताने क्लच आणि डाव्या पायाने गिअर, एकेक करून. क्लचशिवाय गिअर पडणारी महागडी मॉडेल्स असतात, माझं तसलं नाही. आणि सहाव्यात सत्तरला क्रूझ लावलं तर चढावर इंजिन गुदमरतं, म्हणून मी ते पाचव्यात लावतो. दोन-चार हजार किलोमीटरनंतर बसलेली सवय.

दिवस मोहफुलांचे होते. आमची लेक गडचिरोलीला असते, तिच्याकडून घरी परतायला सकाळी लवकर निघालो. वाटेत मूल गावात चहा घेतला. मूल सोडून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की जंगल सुरू होतं. रस्ता मोकळा, हवेत गारवा, आणि तो मोहाचा वास... मी पाचव्या गिअरवर सत्तरला क्रूझ लावलं.

थोड्या वेळाने लक्षात आलं की माझा डावा हात हँडलवर नाही.

दुखलं वगैरे काही नाही. हात नुसता नव्हता. मुंग्या आल्या असतील म्हणून उचलायला गेलो, उचलेना. पाय हलवून बघितला, पायही नाही. "सुनंदा" म्हणायला गेलो तर हेल्मेटमध्ये भलताच आवाज घुमला, माझा मलाच ओळखू येईना. पुढे वळण दिसत होतं. ओळखीचं वळण, त्याला लागूनच नाल्यावरचा पूल. आरशात मागे कोळशाचा ट्रक. आणि गाडी आपली सत्तरवर, निवांत.

डोकं चालू होतं, पण चिखलातून चालल्यासारखं. ब्रेक दाबला तर क्रूझ सुटेल, एवढं कळत होतं. पण मग? पाचव्या गिअरमध्ये गाडी आचके देत बंद पडणार, टेकवायला डावा पाय नाही, म्हणजे डावीकडे आडवी. सुनंदा खाली, मागे ट्रक. मी स्क्रीनकडे बघत राहिलो. तिथे गिअरचा आकडा असतो.

पाचाचा चार झाला.

झटका नाही, कुरकुर नाही. मग तीन. इंजिनचा आवाज चढला, बसला, जसा मी पोरांना शिकवायचो अगदी तसा. दोन. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली. ब्रेक मी लावला असणार, उजवी बाजू माझी शाबूत होती, ते मी मान्य करतो. पण गिअर मी उतरवत नव्हतो. मी बघत होतो. शेवटी न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला, ट्रक हॉर्न देत बाजूने निघून गेला आणि गाडी साइड स्टँडवर टेकली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. सुनंदाने माझं हेल्मेट काढलं, तोंड बघितलं आणि किंचाळली. रस्त्याकडेच्या मोहाखाली एक बाई फुलं वेचत होती. टोपली टाकून धावत आली. "बाई, रडू नको. आधी भाऊले सावलीत घे, मी गाडी थांबवतो." आणि ती सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, हात पसरून. भाजीची पिकअप येत होती, थांबावंच लागलं. त्या ड्रायव्हरने मला चंद्रपूरच्या दवाखान्यात असा आणला की डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. मेंदूत गुठळी होती, उजव्या बाजूला, म्हणून डावं अंग गेलेलं. ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी माझी डावी करंगळी हलली तेव्हा सुनंदा आणि लेक दोघी रडत होत्या. मीही.

बोलता यायला लागल्यावर मी डॉक्टरांना गिअरचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "या प्रकारच्या झटक्यात पेशंटला आपल्या डाव्या बाजूचं भानच राहत नाही. हातापायात थोडी ताकद उरली असेल. सवयीने क्लच दाबला गेला असेल, तुम्हाला कळलं नसेल."

मला फार बरं वाटलं. सापडला नट! मी सुनंदाला तेच पुन्हा समजावून सांगितलं. ती संत्रं सोलत होती. थांबली.

"पण तुमचा हात तं माझ्याजवळ होता."

"काय?"

"डावा हात खाली लोंबून राह्यला होता तुमचा. मले वाटलं, हात मागून राह्यले. तुम्ही कधी असं करत नाई, म्हणून... मी धरला. दोन्ही हातांनी. गाडी थांबेपर्यंत सोडला नाई."

"गिअर पडताना?"

"तेव्हा तं आणखीनच घट्ट धरला. पुढं सरकत होती ना मी, दरवेळी थोडी थोडी."

मी म्हटलं, घाबरलेल्या माणसाची आठवण उलटीसुलटी होते. तिनेही वाद घातला नाही. संत्र्याची फोड माझ्या हातात ठेवली, डाव्या हातात, आणि म्हणाली, "पकडा बरं."

घरी आल्यावर, चालायला लागल्यावर, मी एका माजी विद्यार्थ्याकडून गाडी तपासून घेतली. गिअरबॉक्स ठीक, क्लच ठीक. मग त्यालाच मोकळ्या रस्त्यावर क्लच न दाबता पाचव्यातून खाली यायला लावलं. गाडी अशी उसळली की म्हणाला, "सर, पुन्हा नका सांगू."

पुढच्या मोहाच्या हंगामात त्या बाईला भेटायला गेलो, लेकीच्या कारने. कौसाबाई तिचं नाव. तिच्यासाठी साडी नेली होती, नाही नाही म्हणत घेतली. मी मुद्दाम काहीच सुचवलं नाही, नुसतं विचारलं, "त्या दिवशी आमची गाडी आली, तेव्हा काय दिसलं तुम्हाला?"

ती पदर तोंडाला लावून हसली. "काय दिसन जी? गाडी तं नीटच आली, लाइट लुकलुक करत. बाई तुमचा हात धरून बसली होती मांगं. मले वाटलं, बुढा-बुढी आहेत, पण पाहा कसे नवरा-नवरीवानी चालले!"

लाइट लुकलुक. म्हणजे डावा इंडिकेटर. त्याचं बटणही डाव्या मुठीपाशीच असतं.

सुनंदा माझ्या शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कौसाबाईच्या टोपलीत वाकून ती फुलं बघत होती.

बरंच डोकं चालवलं, डॉक्टरांनाही पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "बरे झालात ना?" झालो. डाव्या हाताची पकड थोडी कमी आहे, एवढंच. डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून गाडीही चालवतो, जवळपास आणि सावकाश. मी आजही कशाला नवस बोलत नाही, कुठे नारळ फोडत नाही. पण त्या वळणाच्या अलीकडे आलो की हेल्मेटची काच वर करून मोठ्याने म्हणतो, "आभारी आहे." मागून सुनंदा विचारत नाही, कोणाला.