पांढरी बोट एकटीच परत येते

त्यांना सगळे कोरडे मामा म्हणत. आडनाव कोरडे नव्हतं. बेटावरच्या दवाखान्यात नर्सबाईंची, औषधांची आणि अडलेल्या बायांची ने-आण करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, पण त्यांच्या बोटीतून कधी कोणी पाण्यात पडलं नाही, म्हणून ते कोरडे. बायको म्हणायची, "नाव बरोबरच ठेवलंय. जन्मभर पाण्यात, आणि अंघोळ म्हटली की अंगावर काटा."

आता मामांचा गुडघा बोलायला लागला होता आणि बोटीचा तळ भुसभुशीत झाला होता. दोघं एकदमच निवृत्त झाले. सुकाणू लेकीच्या हातात जायचं होतं. पोरगी तयार होती, बापापेक्षा चार अंगुळं जास्तच. फक्त बोट ठरायची होती, आणि वादळी दिवस तोंडावर आले होते. बेटावरचा माणूस आजारी पडताना हवामान बघत नाही. म्हणजे जी बोट ठरेल ती घेऊन लेक भर वाऱ्यात जाणार, हे ठरलेलंच होतं. म्हणून बोट बघायला मामा स्वतः लेकीबरोबर निघाले.

बोटींच्या दलालाचा अड्डा खाडीच्या तोंडाशी होता. दलालाने तोंडाचा पट्टा एकदा सोडला की आवरायचा नाही. "या मामा! लेकीसाठी स्थळ बघायला आलात की बोट?"

"स्थळ परवडलं. नापसंत पडलं तर घरी तरी येता येतं," मामा म्हणाले.

धक्क्याला दोन बोटी होत्या. एक जुनी, गोल पोटाची, काळपट. खिडक्या एवढ्याशा, काच मात्र जाडजूड. दुसरी पांढरीशुभ्र, रुंद, सपाट, नव्या रंगाचा वास येणारी. लेकीचे पाय परस्पर पांढरीकडे वळले.

"हिला समुद्रानेच पास केलंय," दलाल म्हणाला. "मोठ्या वादळात सापडली होती. पलटी नाही, गळती नाही. आपली आपण किनाऱ्याला आली."

"आपली आपण म्हणजे?" मामांनी विचारलं.

दलालाने दोरीची गाठ उगाच सोडून परत बांधली. "म्हणजे... चालवणारा नव्हता तिच्यात. त्याच्या आधीच्या मालकाच्या वेळीही तसंच झालं म्हणतात. इंजिन चालू, आत टिपूस नाही, माणूस नाही. पण बोट ठणठणीत! यात बोटीचा काय दोष?"

लेक म्हणाली, "बाबा, जी एकटी परत येते तिच्या मजबुतीबद्दल आणखी काय विचारायचं राहिलं?"

बोलणं खोटं नव्हतं.  "मला जरा बसू दे तिच्यात," एवढंच ते म्हणाले.

त्यांनी काठावर पाय ठेवला. बोट त्या बाजूला कलली आणि कोणीतरी खालून धक्का द्यावा तशी झटक्यात सरळ झाली. मामांचा तोल गेला. हात आपोआप केबिनच्या दाराशेजारी गेला. इतकी वर्षं पाण्यावर काढलेला हात, त्याला बरोबर ठाऊक असतं की आधाराला धरायची मूठ कुठे असायला हवी. तिथे मूठ नव्हती. गुळगुळीत रंग होता, आणि रंगाखाली बोटाला लागलेला एक बारीक उंचवटा. शेजारी दुसरा.

बुजवलेली भोकं.

मामांनी डोळे मिटले आणि बोटं सरकवत नेली. हातभर अंतरावर पुन्हा दोन. मग पुन्हा. कोणीतरी इथे मूठ बसवली होती, मग तिच्यापुढे आणखी एक, मग आणखी. मालक बदलले तरी मुठी वाढतच गेल्या असाव्यात, आणि दलालाने त्या सगळ्या काढून, भोकं लांबीने बुजवून रंग फासला होता. मामा वाकून भोकांच्या मागोमाग गेले. दारापासून मागच्या टोकाकडे जाता जाता ती भोकं खाली उतरत होती. छातीच्या उंचीवरून कमरेला. कमरेवरून गुडघ्याला. शेवटची दोन अगदी डेकलगत होती. पोटावर सरपटणाऱ्याच्या हाताला लागतील अशी.

त्यापुढे काठ. काठापलीकडे पाणी.

वारा नव्हता. खाडी तेलासारखी पडली होती. तरी पायाखालची बोट एकदा हलली, जनावर कातडी थरथरवतं तशी.

मामांनी लेकीला हाक मारली. तिची बोटं धरून त्या उंचवट्यांवरून फिरवली, दारापासून शेवटपर्यंत. पहिल्यांदा ती म्हणाली, "खिळे असतील, बाबा." अर्ध्यावर तिची बोटं आपणहून पुढचं भोक शोधू लागली. शेवटच्या जोडीपाशी तिने हात झटकन मागे घेतला, आणि तो नंतर बराच वेळ साडीच्या पदराला पुसत राहिली.

"ही पलटी व्हायची नाही," मामा म्हणाले. "इतक्या झटक्यात सरळ होते, तर कशी होईल? पण सरळ होताना अंगावरचं सगळं झाडून टाकते."

मग दोघं काळपट बोटीवर गेली. लेकीने एका बाजूला भार टाकला. बोट कलली, कलतच गेली, आणि आता काही उठत नाही असं वाटेपर्यंत तशीच राहिली. मग जड कूस बदलावी तशी सावकाश वर आली. मामांनी डेकवर बादल्या ओतून बघितल्या. पाणी काठाच्या भोकांतून भसाभसा बाहेर गेलं. इंजिनाच्या झाकणाला हात लावला. घट्ट बसत होतं.

"म्हैस आहे नुसती," लेक पुटपुटली.

"म्हशीवरून पोरं पडत नाहीत," मामा म्हणाले.

म्हैस घरी आली. पांढरीला पलीकडच्या काठावर गिऱ्हाईक मिळालं आणि दलाल ती स्वतः पोचवायला निघाला. मामांनी धक्क्यावर त्याला गाठलं. "एकटा जाऊ नकोस."

"मामा, मला भुताखेताच्या गोष्टी सांगू नका."

"भुताचं नाव कोणी काढलं? हे अंगात घाल," म्हणत मामांनी आपलं नारिंगी तरंगतं जाकीट त्याच्या गळ्यात घातलं. दलालाने नवरदेवासारखा हार घेतल्याचा आव आणला, आणि हसत हसत गेला.

दुपारी वारा फिरला. समुद्र करडा झाला. मामा धक्क्यावर उभे होते तेव्हा पांढरी बोट धुरकट पाण्यातून येताना दिसली. सरळ येत होती, घाई नाही, गडबड नाही. धक्क्याला येऊन टेकली, इतकी अलगद की कोणी सवयीच्या हाताने लावावी. इंजिन हळू आवाजात चालू होतं. आत कोणी नव्हतं. वारा किनाऱ्याकडे होता, येणारच, असं मामांनी स्वतःला सांगितलं. पण तिची दोरी धरायला त्यांचा हात पुढे होईना.

पांढरी रिकामी दिसताच लेकीने दलालाला शोधायला म्हैस सोडली होती.

मामा बघत राहिले. म्हैस पहिल्या मोठ्या लाटेवर कलली. कललेलीच राहिली.  ऊठ बाई, ऊठ, ते मोठ्याने म्हणाले, लेकीला की बोटीला कोण जाणे. म्हैस सावकाश उठली. पुढच्या लाटेला पुन्हा तसंच. मग ती दिसेनाशी झाली, आणि मामांच्या शेजारी पांढरी बोट धक्क्यावर टकटक करत राहिली, आत घ्या म्हणणाऱ्यासारखी. मामांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं. केबिनच्या दाराशेजारी, अगदी जुन्या जागेवर, एक नवीकोरी चकचकीत मूठ होती, दलालानेच बसवलेली असणार. एका स्क्रूवर लोंबत. मागच्या टोकाला, डेकलगत, ताज्या रंगावर नखांचे ओरखडे.

म्हैस परतली तेव्हा मामांनी आधी माणसं मोजली. लेक उभी होती. तिच्या पायाशी नारिंगी जाकिटात दलाल, ओठ निळे, दातावर दात आपटत.

त्याला वर ओढलं, कोरड्या कपड्यांत गुंडाळलं. तो मामांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "कोणी ढकललं नाही मला, मामा."

"मी विचारलं का?"

दलालाने मामांचं जाकीट छातीशी घट्ट आवळून धरलं. 

पांढरी बोट आता किनाऱ्यावर आहे, पाण्यापासून लांब, चारी बाजूंनी टेकू लावून. कोणी विकत घेत नाही, फोडायला कोणी हात लावत नाही. लेक म्हैस घेऊन वाऱ्यापावसात जाते, भिजते, येते. अजून कोणी पडलेलं नाही. मामा तिला सोडायला रोज धक्क्यावर जातात. वाट पांढरीच्या शेजारून आहे. पायाखाली घट्ट जमीन असते, तरी वारा नसलेल्या दिवशीही तिथून जाताना त्यांचा हात आपोआप उठतो आणि काहीतरी धरायला शोधतो.