पालेगावच्या मावशींच्या पेशी

अंबरनाथला संधिवाताच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसलो होतो. तेवढ्यात आतून एक मावशी निवडणूक जिंकल्यासारखा चेहरा करून बाहेर आल्या. बोटं इतकी सुजलेली, की फोन धरता येईना. तो माझ्या हातात देत म्हणाल्या, "पालेगावला सुनेला लावा. स्पीकरवर."

सुनेने फोन उचलताच त्या ओरडल्या, "अगं, मी अशक्त नाय! डॉक्टर बोलले, माझ्या रक्तातल्या पेशी जरा जास्तच जोरात आहेत. जंतूंशी लढायचं सोडून माझ्याच सांध्यांवर धावून जातात."

"मग ताकदीचा काढा बंद ना?" सुनेने आशेने विचारलं.

"बंद. पण गोळी मी घेणार नाय. पेशींना आवरायची गोळी आहे ती. त्या घरात माझ्या बाजूने लढणारं दुसरं आहे कोण?"

"आई, त्या तुमच्या बाजूने नाही, तुमच्याशीच लढतायत. चार महिने झाले, तुम्हाला भाकरी थापता येत नाही."

मावशी आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. "बरं, घेते," त्या हळूच म्हणाल्या. "पण थोड्याच आवरायच्या."

फोन परत घेताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय झालंय?"

"तुमचाच आजार."

त्यांनी माझ्या काटकुळ्या अंगाकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या पण पेशी? वाटत नाय हो."

इतकी वर्षं मी हा आजार लोकांपासून लपवत आलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच, मावशींना रिपोर्ट काढून दाखवावासा वाटला.