टोपातले तांदूळ

रिकामं भांडं कुणाच्या हाती देऊ नये, ही आमच्याकडची रीत. शेजारणीची वाटी परत करतानाही त्यात चिमूटभर साखर घालायची. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, पण वाटी रिकामी गेली तर माझ्या आईला चैन पडायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या अंबरनाथच्या चर्चमध्ये निरोप आला. युद्ध नुकतंच थांबलेल्या एका दूरच्या गावात, शाळेच्या तळघरात, एक बाई रोज शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक करत होती. बर्फ पडायच्या आत मोठी भांडी आणि ब्लँकेटं पाठवा, एवढंच तिचं मागणं होतं. पाळकसाहेबांनी तिच्याशी संपर्क ठेवायचं काम मला दिलं, कारण मी रिटायर आणि घरात एकटी. ती तिच्या भाषेत लिहायची आणि फोन त्याचं मराठी करून द्यायचा.

सामानाची यादीही माझ्याकडेच आली. एमआयडीसीतल्या एका कंपनीचं स्टोअर मी तीस वर्षं सांभाळलं. यादीत नसलेला एक नटसुद्धा माझ्या दारातून बाहेर गेला नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती बरीचशी मीच पसरवलेली आहे.

उल्हासनगरच्या एका सिंधी शेठनी नव्या ब्लँकेटांचे गठ्ठे दिले. फाळणीनंतर त्यांचे वडील इथल्या कॅम्पात आले ते कुणीतरी दिलेलं ब्लँकेट पांघरूनच, असं म्हणाले. कागदपत्रांचं सगळं बदलापूरच्या एका काकांनी अंगावर घेतलं. त्यांचा जन्म बंदरावरच्या ऑफिसात गेलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं की खायची वस्तू, धान्य, बी-बियाणं काही म्हणता काही जाता कामा नये, एक दाणा सापडला तरी तिकडचे लोक अख्खा कंटेनर अडवतील. मी ते मोठ्या अक्षरांत लिहून चर्चच्या हॉलच्या दारावर चिकटवलं.

मग बदलापूरजवळच्या चामटोली गावच्या बायका टेम्पोतून टोप घेऊन आल्या. आमच्या चर्चच्या नव्हेत, शेतकरी घरांतल्या. आमच्यातल्या एकीनं शब्द टाकला म्हणून आलेल्या. मी यादी करत एकेक झाकण उघडत गेले, तर प्रत्येक टोपात मूठभर तांदूळ. मी त्यांच्यातल्या म्हातारीला म्हटलं, मावशी, हे चालत नाही. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली.

"रिकामा टोप कसा देव गं बाय? तिच्या घरात काय रायलं नसंल."

मी तिथल्या तिथे ते तांदूळ काढून घ्यायला हवे होते. काढले नाहीत. उलट दुसऱ्या दिवशी मीच घरून मूठभर तांदूळ आणले, आईचा मोठा टोप मी दिला होता त्यात घातले, झाकण लावलं आणि सुतळीनं आवळून बांधलं. मग यादीखाली सही केली. यादीत लिहिलं होतं, खाद्यपदार्थ नाहीत.

कंटेनर गेला. ती बाई आठवड्याला विचारायची, कुठवर आलं? मी जहाज कुठे आहे ते कळवायची. मला फार बरं वाटायचं त्या दिवसांत, हे कबूल करते.

तिकडच्या बंदरात तपासणी झाली. काकांकडे फोटो आला, त्यात एका टोपातल्या तांदळात सोंडे फिरत होते. कंटेनर सील झाला, ब्लँकेटांसकट. धान्य असेल तर कीड मारण्याची प्रक्रिया करून त्याचा दाखला माल निघण्याआधीच घ्यायचा असतो, आणि आम्ही तर धान्यच नाही म्हणून लिहून दिलं होतं. चर्चच्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं, गावच्या बायकांना काय कळतंय. माझा टोपही त्यात आहे आणि त्यातही तांदूळ आहेत, हे मी तेव्हा सांगितलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली, पण माझे डोळे मिटेनात.

मी त्या बंदराला पत्रं लिहिली. चूक माझी आहे, टोप फेका पण ब्लँकेटं सोडा, असं लिहिलं. उत्तर यायचं की आपला अर्ज मिळाला. काका मला ओळखीच्या एका साहेबांकडे घेऊन गेले. त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि आता ते आपल्या हातात नाही म्हणाले. तीस वर्षांत अडलेला माल मी भांडून, ओरडून, प्रसंगी पाया पडून सोडवला होता. इथे भांडायला समोर माणूसच नव्हता.

तेवढ्यात तिच्याकडे बर्फ पडला. तिनं फोटो पाठवला. रंगाचा पत्र्याचा ड्रम अर्धा कापून त्यात काहीतरी शिजत होतं आणि मुलं कोट घालून ताटकळत उभी होती. पंधरा दिवसांनी हुकूम आला की सगळा माल जाळून टाकायचा.

मी तिला सगळं खरं लिहिलं. आमची रीत सांगितली, मावशी काय म्हणाली ते सांगितलं, माझ्या सहीचंही सांगितलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं.

"तुम्ही प्रेमानं घातलेत, ते समजलं. तांदूळ आमच्याकडे पोत्यांनी आहेत. शिजवायला भांडं नाही."